बाग सर्वांची, पुस्तक सर्वांचे : बडोद्याचा एक प्रयोग आणि मराठवाड्याचा उन्हाळा

१/२४
उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना मोफत वाचायला पुस्तक मिळावे, संध्याकाळी बसायला सावलीची बाग असावी, अंग मोकळे करायला आखाडा असावा, ही अपेक्षा आज साधी वाटते. तिच्यामागे मात्र जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. या थ्रेडमध्ये बडोदे संस्थानातील मोफत ग्रंथालयांचा प्रयोग, तेथील कामाठी बाग आणि निजामी राजवटीतील मराठवाडा, विशेषतः बीडचा परिसर, यांचा एकत्र विचार केला आहे. सूत्र एकाच प्रश्नाचे : 'सार्वजनिक' या शब्दात कोण कोण येते?

२/२४
प्रश्न समजण्यासाठी आधी मांजरसुंबा पाहू. बालाघाटाच्या डोंगररांगेत, बीड शहराच्या दक्षिणेस हे गाव वसले आहे. धुळे-सोलापूर महामार्गाला येथे पाटोद्याकडे आणि केजकडे जाणारे रस्ते मिळतात. जवळच मन्मथस्वामींच्या समाधीचे कपिलधार आहे आणि पाटोद्याच्या बाजूला नायगावचे मयूर अभयारण्य. दसरा-दिवाळीनंतर याच रस्त्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. कारखान्यांचा हंगाम आटोपला, की त्या परततात. म्हणजे या भागातील कितीतरी मुले शाळेच्या ऐन दिवसांत गावाबाहेर असतात आणि सुट्टीच्या दिवसांत गावात. ज्या काळात शाळेला कुलूप असते, त्याच काळात या मुलांना पुस्तकाची सवड मिळते.

३/२४
उन्हाळ्याचा आणि मराठी सार्वजनिक जीवनाचा संबंध जुना आहे. १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. काळ निवडला तो सुट्टीचा. कचेऱ्यांचे आणि शाळांचे वेळापत्रक इंग्रजी अमलात ठरले, त्यातून 'उन्हाळ्याची सुट्टी' नावाची एक नवी मोकळीक निर्माण झाली. ती मिळाली वकील, शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांना. शेतकऱ्याला अशी सुट्टी नव्हती. त्याचा वैशाख नांगरटीत आणि पावसाची वाट पाहण्यात जाई. त्यामुळे व्याख्यान ऐकायला कोण येणार, याचे उत्तर बऱ्याच अंशी वेळापत्रकानेच देऊन ठेवले होते.

४/२४
ग्रंथालयांचेही तसेच. महाराष्ट्रातील आरंभीची वाचनालये पाहा : रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. पुढे १८९३ साली ठाण्यात आणि १८९८ साली मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली. यांतील शेवटच्या दोन संस्थांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी मराठी ग्रंथ जपणे हेच आपले कार्य मानले. इंग्रजी शिकलेल्या पिढीला मराठी पुस्तकांकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागत असताना हे काम झाले, म्हणून त्याचे मोल फार आहे. आज जुने मराठी पुस्तक शोधणारा प्रत्येक अभ्यासक या संस्थांचा ऋणी आहे.

५/२४
पण या वाचनालयांचा आधार वर्गणी हा होता. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेचे एक गणित असते. सभासद वाढले, तर पुस्तके वाढतात. पुस्तके कोणती घ्यायची, ते सभासद ठरवतात. आणि सभासद होण्यासाठी हाताशी पैसा, वाचता येण्याइतके शिक्षण आणि त्या खोलीत शिरण्याइतकी सामाजिक पत लागते. या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे नाहीत, त्याला बाहेर ठेवण्यासाठी वेगळा नियम करावा लागत नाही. हे गणित बदलायचे, तर पुस्तकाचा खर्च वाचकाऐवजी राज्याने उचलायला हवा होता. हिंदुस्थानात हे काम मोठ्या प्रमाणावर प्रथम केले ते बडोदे संस्थानाने.

६/२४
बडोद्याचे तिसरे सयाजीराव गायकवाड हे जन्माने नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. १८६३ साली एका शेतकरी कुटुंबात जन्मलेला गोपाळराव नावाचा हा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आला. त्याचे पद्धतशीर शिक्षण त्यानंतर सुरू झाले. डिसेंबर १८८१ मध्ये राज्यकारभाराची सूत्रे हाती आली, तेव्हा वय होते अठरा. ज्याला अक्षरओळख उशिरा झाली, त्याला ती नसण्याचा अर्थ ठाऊक असतो. सयाजीरावांच्या शिक्षणविषयक धोरणात ही जाणीव दिसते. दुसरी गोष्ट अशी, की राजघराणे मराठी असले, तरी बहुसंख्य प्रजा गुजराती भाषक होती. त्यामुळे लोकशिक्षणाचा विचार तेथे आरंभापासून दोन भाषांत करावा लागला.

७/२४
१८९३ साली अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली असाच कायदा मागितला, तो फेटाळला गेला. हे लक्षात घेतले म्हणजे बडोद्याची झेप कळते. पण सक्तीच्या शिक्षणातून एक नवा प्रश्न निर्माण झाला. मूल चार इयत्ता शिकून शेतावर परतले आणि पुढे त्याच्या हाती एकही पुस्तक आले नाही, तर शिकलेले अक्षर किती वर्षे टिकणार? शाळेवर केलेला खर्च वाया जाऊ द्यायचा नसेल, तर गावात वाचनाची सोय हवी, हा निष्कर्ष येथून निघाला.

८/२४
१९०६ साली सयाजीराव अमेरिकेच्या प्रवासाला गेले होते. तेथील नगरांतील मोफत सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. कर भरणाऱ्या नागरिकांच्या पैशातून चालणारी, कोणालाही दार उघडे असणारी ही ग्रंथालये त्यांच्या मनात भरली. १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावण्यात आले. बॉर्डन सुमारे तीन वर्षे राहिले. तेवढ्या काळात त्यांनी स्वतंत्र ग्रंथालय खाते उभे केले, पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवली आणि १९११ साली ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. हिंदुस्थानातील ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणाचा आरंभ येथून मानला जातो.

९/२४
मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला तो राजवाड्यातील पुस्तकांनी. सयाजीरावांनी आपला खासगी ग्रंथसंग्रह त्यासाठी दिला. पुढे हे ग्रंथालय शहराच्या मध्यभागी, मांडवी भागात आले. तेथे पुस्तके ठेवण्यासाठी लोखंडी मांडण्या आणि काचेच्या फरशीचे मजले करण्यात आले, म्हणजे उजेड खालपर्यंत पोहोचावा आणि आगीची भीती राहू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलांसाठी वेगळे दालन होते आणि तेथे पुस्तकांबरोबर चित्रे व खेळही ठेवलेले असत. स्त्रियांच्या वाचनाची स्वतंत्र व्यवस्था होती. सुट्टीत मुलाने ग्रंथालयात जावे ते परीक्षेसाठी नव्हे, आनंदासाठी, ही कल्पना आपल्याकडे रुजली ती अशा दालनांतून.

१०/२४
खरी परीक्षा होती गावांची. येथे बॉर्डन यांच्या आधीपासून काम करणाऱ्या एका शिक्षकाचे नाव घ्यावे लागते : मोतीभाई अमीन. त्यांनी १९०६ च्या सुमारास 'मित्रमंडळ' नावाने खेड्यापाड्यांत वाचनालये काढायला सुरुवात केली होती. संस्थानाने हे काम ओळखले आणि अमीनांना ग्रंथालय खात्यात घेतले. गावच्या वाचनालयासाठी सूत्र ठरले तिहेरी : ठराविक मर्यादेपर्यंत गावाने जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच संस्थानाने. गावाचा एक रुपया अशा रीतीने तीन रुपये होई. फुकटात मिळालेली संस्था लोक आपली मानत नाहीत आणि केवळ लोकांवर सोडलेली संस्था गरीब गावात जगत नाही, या दोन्ही अडचणींवर हा व्यवहारी उपाय होता.

११/२४
ज्या गावाला एवढेही शक्य नव्हते, त्याच्यासाठी फिरती पेटी होती. लाकडी पेटीत साधारण पंधरा ते तीस पुस्तके भरून ती गावाला पाठवली जाई. गावातील एखादा शिक्षक किंवा जबाबदार गृहस्थ ती सांभाळी. वाहतुकीचा खर्च संस्थान करी, वाचकाला काही द्यावे लागत नसे. मुदत संपली, की पेटी परत जाई आणि दुसरी येई. इमारत नको, कपाट नको, पगारी माणूस नको. पुस्तकच गावाकडे चालत येते, हा या योजनेचा गाभा. शंभर वर्षांपूर्वीची ही पेटी आणि आजची फिरत्या ग्रंथालयाची गाडी यांत तत्त्वाचा फरक नाही.

१२/२४
आणि ज्याला वाचताच येत नाही, त्याचे काय? बडोद्याच्या ग्रंथालय खात्याने हाही प्रश्न आपल्या कक्षेबाहेरचा मानला नाही. खात्यात दृश्यशिक्षणाची शाखा होती. जादूचा कंदील, म्हणजे काचेवरील चित्रे पडद्यावर दाखवणारे यंत्र, आणि सिनेमाची यंत्रे घेऊन खात्याची माणसे गावोगाव जात आणि मोफत खेळ दाखवत. शेती, आरोग्य, दूरदेशचे प्रदेश हे विषय चित्रांतून समोर येत. रात्री गावच्या मोकळ्या जागेत लागलेला हा पडदा म्हणजे निरक्षर माणसासाठी उघडलेले ग्रंथालयाचे दार होते. करमणूक आणि शिक्षण यांना दोन वेगळ्या खात्यांत न टाकण्याची ही दृष्टी त्या काळाच्या मानाने फार पुढची होती.

१३/२४
पुस्तके वाचायला दिली, तरी ती देशी भाषांत आधी असावी लागतात. त्यासाठी ग्रंथनिर्मितीला निधी देण्यात आला. श्री सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी श्री सयाजी बालज्ञानमाला यांतून मराठी व गुजराती पुस्तके निघाली. १९१२ साली ग्रंथालय खात्याशी संबंधित मंडळींनी 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक सुरू केले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तिन्ही भाषांतील विभाग होते. बॉर्डन परतल्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी खात्याची धुरा सांभाळली आणि १९१९ साली या चळवळीवर पुस्तक लिहिले. मराठी माणसाने लिहिलेले ते पुस्तक आजही या विषयाचे मूळ साधन म्हणून वाचले जाते.

१४/२४
आता बाग. विश्वामित्री नदीच्या काठावरील सयाजी बाग १८७९ साली उभी राहिली. सयाजीराव तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि कारभार दिवाण टी. माधवराव पाहत होते. म्हणून तिचे श्रेय एकट्या राजाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. लोकांच्या तोंडी मात्र तिचे नाव 'कामाठी बाग' असेच राहिले. पुढे बागेत वस्तुसंग्रहालय आले, प्राणिसंग्रह आला. राजवाड्याभोवतीची बाग आणि ही बाग यांत मूलभूत भेद आहे. पहिलीत जाण्यासाठी निमंत्रण लागते. दुसरीत जाण्यासाठी कारण लागत नाही. कोणीही यावे, सावलीत बसावे आणि कोणी 'का बसलास' असे विचारू नये, हेच सार्वजनिक बागेचे वेगळेपण.

१५/२४
करमणुकीचा तिसरा खांब आखाडा. बडोद्यातील जुम्मादादा व्यायाम मंदिराचे नाव महाराष्ट्रभर गाजले. मुसलमान वस्ताद जुम्मादादा यांनी आपली गादी शिष्याला, गजानन माणिकराव यांना दिली. राजरत्न माणिकराव यांनी कुस्ती, मल्लखांब, लाठी यांबरोबर सांघिक कवायतीला शिस्त दिली आणि तिच्या आज्ञा देशी भाषेत रचल्या. अस्थिसंधानातही त्यांचा लौकिक होता. बडोद्यातूनच आबासाहेब मुजुमदार यांच्या संपादनाखाली १९३६ पासून मराठी 'व्यायामज्ञानकोश' दहा खंडांत प्रसिद्ध झाला. आखाड्यातील तोंडी विद्या कोशात आली, म्हणजे शरीराची संस्कृतीही ग्रंथालयाच्या मांडणीवर पोहोचली.

१६/२४
येथवरचे चित्र उजळ आहे. परंतु इतिहास लिहिताना योजना कागदावर कोणासाठी होती, हे पाहून थांबता येत नाही. प्रत्यक्षात ती कोणाच्या वाट्याला आली, हेही पाहावे लागते. बडोद्याची ग्रंथालये राजाच्या इच्छेने उभी राहिली होती. राजाज्ञेने खाते निर्माण होते, अनुदान मिळते, अस्पृश्य मुलांसाठी शाळाही निघतात. आणि त्या बडोद्यात सयाजीरावांच्या कारकिर्दीच्या आरंभीच निघाल्या. पण घरमालक, शिपाई, खाणावळवाला यांची मने राजाज्ञेने बदलत नाहीत. ही गोष्ट १९१७ साली ज्याने अनुभवली, तो बडोदे संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर शिकलेला होता.

१७/२४
भीमराव रामजी आंबेडकर यांना बी.ए. च्या शिक्षणासाठी आणि पुढे १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी सयाजीरावांनी साहाय्य दिले. परतल्यावर संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट ठेवून ते परत आले. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या जहाजावर होती, ते पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. बडोद्यात पोहोचल्यावर राहायला जागा मिळेना. हिंदू खाणावळीत जात लपवल्याशिवाय प्रवेश नव्हता. अखेर एका पारशी विश्रामगृहात त्यांनी पारशी नाव धारण करून जागा घेतली. कचेरीतून सुटल्यावरही ते शक्य तेवढा वेळ बाहेर काढून रात्री तेथे परतत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि खोली सोडावी लागली.

१८/२४
पुढे काय झाले, ते त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदवले आहे. शहरात दोन परिचितांकडे आसरा मागितला, दोघांनीही अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मध्ये पाच तास होते. विश्रामगृहात परत जाणे धोक्याचे होते. ते पाच तास आंबेडकरांनी कामाठी बागेत काढले. आपल्यावर ओढवलेल्या प्रसंगाचे दुःख आणि आई-वडिलांची आठवण यांनी मन भरून आल्याचे त्यांनी लिहिले आहे. ज्या शहराने त्यांना परदेशी शिकवले, त्या शहरात त्या दिवशी त्यांना बसायला मिळालेली जागा ही एक सार्वजनिक बाग होती. बडोद्यातील ती जागा आज 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते.

१९/२४
या घटनेचा अर्थ दोन बाजूंनी लावता येतो. पहिली बाजू अशी, की बाग उघडी असून भागले नाही. राहते घर, पाण्याचा माठ, कचेरीतील वागणूक हे सगळे बंद असेल, तर उघडी बाग न्याय देऊ शकत नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी. जेव्हा सर्व खासगी दारे मिटतात, तेव्हा कोणाच्याही मालकीची नसलेली जागा माणसाला अंग टेकायला उरते. सार्वजनिक जागेचे मोल ज्यांना घर, अंगण आणि पुस्तकांचे कपाट आहे, त्यांना सहसा कळत नाही. ते ज्यांच्याकडे यांतील काहीच नाही, त्यांनाच नेमके ठाऊक असते.

२०/२४
याच वर्षांत बीडचा परिसर हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. येथे अडसर वेगळा होता. कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी शाळा थोड्या. सभा घ्यायची, तर 'गश्ती निशाण ५३' या कुप्रसिद्ध आदेशानुसार आधी परवानगी हवी. अशा राज्यात वाचनालय, शाळा, साहित्यसंमेलन हीच सार्वजनिक जीवनाची जागा झाली. हैदराबाद शहरात १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम आणि १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. १९१७ साली अंबाजोगाईत योगेश्वरी विद्यालय सुरू झाले. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक होते. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. वर्तमानपत्र वाचायला जमलेली माणसेच पुढे चळवळीची माणसे झाली.

२१/२४
परवानगीचा हा प्रश्न सोसणाऱ्या समाजातही जातीची भिंत होतीच आणि ती धर्माच्या सीमा ओलांडून उभी होती. १९३४ साली आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळ-दौलताबाद पाहायला आले होते. दौलताबाद किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदाच्या पाण्याने प्रवासाची धूळ धुतली, म्हणून त्यांच्या मंडळींना शिवीगाळ ऐकावी लागली. हरकत घेणारे मुसलमान होते. ही घटनाही त्याच लेखनात आहे. त्याआधी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर होऊन सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या होत्या. चार वर्षांनी महाडच्या तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, यावरून ठराव आणि व्यवहार यांतील अंतर ध्यानात येते.

२२/२४
कायद्याचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. देशातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला तो १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने. १९४८ साली मद्रासचा कायदा आला. १९५५ साली हैदराबाद राज्याने आपला ग्रंथालय कायदा केला. बीड जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. म्हणजे पुण्या-मुंबईला असा कायदा लाभण्याच्या बारा वर्षे आधी बीड हा ग्रंथालय कायदा झालेल्या राज्याचा भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६७ साली महाराष्ट्राचा कायदा झाला. या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. संस्थांनी ग्रंथालय चालवायचे आणि शासनाने वर्गवारीनुसार अनुदान द्यायचे, ही आपली पद्धत. बडोद्याच्या तिहेरी सूत्रातील तिसरा भागीदार, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था, त्यात ठळकपणे दिसत नाही.

२३/२४
मराठवाड्यात दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९५० साली, जेव्हा आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे तेच मिलिंद महाविद्यालय. गावोगावची दलित मुले तेथे वसतिगृहात राहिली, ग्रंथालयात बसली, झाडांखाली वाचू लागली. याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले आणि मराठी साहित्याला नवे लेखक दिले. १९१७ साली जहाजाबरोबर ज्याची पुस्तके बुडाली आणि ज्याने बागेत पाच तास काढले, त्याने ग्रंथालय आणि मोकळे आवार दोन्ही उभे करावे, हा योगायोग म्हणता येणार नाही. जे नाकारले गेले होते, तेच त्याने पुढच्या पिढीसाठी बांधले.

२४/२४
आज महाराष्ट्रातील अनुदानित ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. तरी मांजरसुंब्याच्या चौकातून फडाकडे जाणाऱ्या आणि उन्हाळ्यात परतणाऱ्या मुलाचा प्रश्न या आकड्याने सुटत नाही. त्याच्यासाठी बडोद्याची लाकडी पेटी अजून कालबाह्य झालेली नाही : हंगामात टोळीबरोबर जाणारी आणि वैशाखात गावच्या पारावर उघडणारी. इतिहासाच्या अभ्यासकांना येथे एक काम आहे. आपल्या गावच्या वाचनालयाचे जुने सभासद-रजिस्टर शोधावे. स्थापनेचे वर्ष, वर्गणीचा आकडा, स्त्रियांची नावे कधीपासून दिसतात, गावकुसाबाहेरच्या वस्तीतील पहिले नाव कोणत्या वर्षी येते, हे उतरवून घ्यावे. 'सार्वजनिक' या शब्दाचा आपल्या गावापुरता इतिहास त्या रजिस्टरमध्ये लिहिलेला असतो आणि वाळवी लागण्याआधी तो वाचला गेला पाहिजे.